भुईचं एक बोट

आबादान, इराण
ता. १४ नोव्हेंबर १९३१

आबा,

हसायचंच व्हतं तर तितं पडवीत बसून हसायचं, चार आण्याचं तिकीट लावून समुद्रापार कशाला धाडायचं? "दुसरीतनं पळालेला घोडा बाविसाव्या वर्षी शाळंत बसला, आता मिशीला तेल लाव आन् पाढे म्हण." हे तुमी सांगितलं आन् मळवली टेसनावरच्या रखमाजीनं झोकात लिवलं. झेंडा दावायचं सोडून त्याला दुसरा धंदा न्हाई का? रत्नागिरीचा एक गडी माझ्या खांद्यावरनं वाचत व्हता. आता समदी शेड मला घोडा म्हणती.

मी पळालो ते मला ठाव हाय. शाळंतनं पळालो, तळेगावच्या काचंच्या कारखान्यातनं पळालो, मुंबईच्या गोदीतनं पळालो. पयल्यापास्नं तुमचं एकच, पोरगं टिकत न्हाई. आता कुटं टिकावं वाटतंय तर तुमी हसता.

ही शाळा तसली न्हाई. हितं भुईतनं तेल निगतं, नळानं येतं आन् लोखंडी टाक्यांत साठतं. एकेक टाकी आपल्या चावडीच्या वर चावडी ठेवली तरी उंच. जहाज लागलं की टाकीतनं तेल देत्यात. किती दिलं, हितंच भांडण. टाकीवाला म्हणायचा इतकं, जहाजवाला म्हणायचा तितकं. ज्याला शिडी चढता येती त्याला मोजायला धाडायचे, आन् दा माणसांची दा मापं. मग कासम मास्तर म्हणून बुशायरचा एक म्हातारा हाय, निम्मी उमर मुंबईच्या गोदीत गेली म्हणून आपलं बोलणं त्याला समजतं. तो साहेबाला म्हणाला, मला एक पडकी शेड द्या आन् थोडी माणसं द्या, मी मोजायला शिकवतो. अशी ही शाळा निगाली. पाटी न्हाई, बाक न्हाई. खोक्यांवर बसतो.

पोलादाची फीत असती, तिला खाली पितळंचं वजन. टाकीच्या टपावर झाकण असतं. ते उघडलं की पयला वास येतो, तवा तोंड वाऱ्याकडं धरायचं, न्हाईतर घेरी येऊन माणूस खाली. मग फीत सोडायची. वजन तळाला टेकलं पायजे, आपटाय न्हाई पायजे. वर काढायची, जितवर ओली तितवर तेल. मास्तर आमच्या डोळ्यांवर फडकं बांधतो आन् पाण्याच्या पिंपात फीत सोडायला लावतो. टेकलं की बोला म्हणतो. मला दुसऱ्याच दिवशी जमलं. मास्तर म्हणाला, "बेटा, कुटं शिकलास?" म्हणलं, बाप मापारी हाय.

खोटं न्हाई सांगत, तवा नाकात आंबेमोहोराचा वास आला. हितं दोन हजार कोसांत भाताची एक पेंढी न्हाई. खजुरीची झाडं, खारी नदी आन् कढत वारा. राशीपुढं तुमी मांडी घालून बसायचे, पायली भरायचे, आन् मी मागं खेटून. येवढी वर्षं बसलो पण तुमी एकदा बरं म्हणला न्हाई.

झुंबरअक्काला सांगा की दाजी गेले म्हणून तिनं सासरी राबत ऱ्हायचं कारण न्हाई. घर आपलं हाय. पगारातले पंधरा रुपये धाडलेत.

हौशीराम

—

मळवली
ता. ५ जानेवारी १९३२

हौशीराम यास आबाचा आशीर्वाद.

घोडा म्हणल्यालं लागलं तर बरंच झालं, कातडी हाय म्हणायची.

झोडण्या उरकल्या. कार्ल्यापास्नं वराळ्यापोत्तर समद्या राशी आपल्याच पायलीनं मोजल्या. माझी तब्येत दगडावानी हाय. झुंबरी आली हाय, घर बगती.

तुझी शाळा मला समजली न्हाई. मापाला शाळा कशाला लागती? मापाच्या गोष्टी दोनच. भरताना तोंड बंद ठेवायचं. आन् भुईचं भुईला सोडायचं. रास केवढीबी असू दे, तळाचं बोटभर मोजायचं न्हाई. ते भुईचं. जो मापारी खळं चाटूनपुसून मोजतो त्याच्या हाताची बरकत जाती. माझ्या बानं मला सांगितलं, मी तुला सांगितलं. तेल असू दे न्हाईतर भात. तुझ्या त्या म्हाताऱ्यालाबी सांग.

आन् पुढच्या सुगीला परत ये. माझ्यामागं पायली कुणाच्या हातात द्यायची? माझ्या भावाचा बजरंग टपून बसलाय. त्याचा हात कसा हाय ते तुला ठाव हाय. पायलीत अंगठा घालून भरतो.

वरील मजकूर आबांनी सांगितला तसा लिहिला. घोडा हा शब्द त्यांचा, मिशीचे तेल माझे. राग मानू नकोस. तुझे पत्र त्यांनी तीन वेळा वाचून घेतले. तिसऱ्या वेळी हसले नाहीत. — रखमाजी

—

आबादान
ता. २० सप्टेंबर १९३२

आबा,

तुमच्या भुईपायी मी औंदाच्या सुगीला घरीच आलो असतो, पण हाकलून दिल्याला.

बैजवार लिवतो. शाळंत पास झालो. एप्रिलात मला चार टाक्या दिल्या. पयल्या दिवशी फीत वर काढली, ओला डाग बगितला, आन् बोट आपोआप तितनं खाली सरलं. तेवढं भुईचं. वहीत एक बोट कमी लिवलं. चारी टाक्यांना तसंच. रोज तसंच. मला वाटलं, समदे मापारी असंच करत असत्याल, बोलून दावत नसत्याल.

आता गंमत बगा. जहाजाला दिल्यालं तेल बरोबर यायचं, कारण देण्याआदीबी एक बोट कमी आन् दिल्यावरबी एक बोट कमी, दोन्ही फिटायचं. पण टाकीत शिल्लक किती, तितं घोळ. आपल्या खळ्यावर बोटभर म्हंजे टोपली दोन टोपल्या. हितं एका बोटात मालगाडीचा डबा भरंल येवढं तेल. हापिसात बोंब झाली की चार टाक्या गळत्यात.

टाक्यांभवती चर खणला. खणणाऱ्यांत मीबी व्हतो. भर जूनचं ऊन, लोखंडाला हात लावला की फोड येतो, आन् मी गुडघाभर मातीत उभा ऱ्हाऊन मातीला तेलाचा वास येतो का ते हुंगतोय. माझंच बोट मी खणून काढत व्हतो आन् मला पत्ता न्हाई.

कासम मास्तर चराच्या कडंला येऊन बसला. समद्यांना म्हणाला, "गळती कधी पोट भरलं म्हणून थांबती का? ह्या चारी टाक्या एका दिवशी एकेक बोट गळाल्या आन् पुन्ना गप झाल्या. ही गळती न्हाई, हा माणूस हाय." मग मला घेऊन टपावर चढला. मी फीत काढली. बोट खाली सरलं. त्यानं मनगट धरलं.

"हे कुणाचं?"

"भुईचं."

"कुटल्या भुईचं?"

"तळाच्या."

तो खाली वाकून झाकणातनं बगत ऱ्हायला. मग म्हणाला, "तळ लोखंडाचा हाय, बेटा. त्याला भूक लागत न्हाई."

साहेब मला काढायला निगालता. मास्तर म्हणाला, "बाकीच्यांची चूक रोज निराळी असती. ह्याची तीन म्हयने एकच चूक, आन् तसूभर इकडची तिकडं न्हाई. असला हात मला पुन्ना कुटनं मिळायचा?" म्हणून ऱ्हायलो. पण शिक्षा दिलीच. नवी माणसं शाळंत आली की पयल्या दिवशी मी उभं ऱ्हायचं आन् हे समदं सांगायचं. त्या धड्याला 'मावळी बोट' म्हणत्यात. पंजाबी म्हणतो, पठाण म्हणतो, अरब म्हणतो. मावळ कुटं हाय कुणाला ठाव न्हाई, पण मावळी बोट समद्यांना ठाव.

आबा, लाजेनं मी आठ दिवस जेवलो न्हाई. तुमी चाळीस वर्षं लोकांच्या राशीतनं बोट बोट सोडलं, ते नेमकं खाल्लं कुणी, हे कदी इचारलं का?

वीस रुपये धाडलेत.

हौशीराम

—

मळवली
ता. ११ जानेवारी १९३५

हौशीराम यास,

तुझ्या मनीआर्डरींवर अंगठा देत आलो, तवा मी जिता हाय हे तुला ठाव व्हतं. पत्र घातलं न्हाई कारण घालावंसं वाटलं न्हाई. दोन वर्षं एकच इचार केला, की माझ्याच पोरानं मला इचारावं, खाल्लं कुणी.

तर आइक. रास उचलली की ठाकरवाडीची हिरी येती, केरसुणी आन् सूप घेऊन. भुईला चिकटल्यालं ती झाडून नेती. तिच्या सासूनंबी तसंच नेलं. त्यांचं भातखाचर न्हाई. खळ्यावर येऊन हात पसरायचा न्हाई म्हणून ते भुईचं म्हणायचं, देणाऱ्यालाबी ओझं न्हाई, घेणारीलाबी न्हाई. तुझ्या टाकीच्या तळाला भूक न्हाई हे त्या म्हाताऱ्याचं खरं हाय. त्याला माझा रामराम सांग. पण खळं लोखंडाचं न्हाई.

हे मी तुला आदीच सांगाय पायजे व्हतं. मला वाटलं, मागं बसतोस तर बगत असशील.

बाकी ठीक. ह्या सुगीला राशी लय झाल्या. झुंबरीच्या तळव्यांना घट्टे पडलेत, तिला लोणावळ्यासनं मलम आणाय सांगितलंय. तू कदी येतोस?

ता. क. आबांनी पत्र सांगताना दोनदा थांबून पाणी मागितले. मी जास्त लिहीत नाही, मला बंदी आहे. — रखमाजी

—

आबादान
ता. ९ मार्च १९३५

आबा,

हिरीचं वाचलं. मी खळ्यावर सूप घेतल्याली बाई कायम बगितली आन् कदी दिसली न्हाई. त्याबद्दल तुमचे पाय धरतो. पण दुसऱ्या गोष्टीला धरणार न्हाई.

अक्काच्या हाताला घट्टे कशानं पडले? मी दर म्हयन्याला पैसे धाडतो ते कुटं जात्यात? घरात बसून भाकरी थापल्यावर घट्टे पडत न्हाईत. तुमी तिला रेल्वेच्या खडी फोडण्यावर धाडलंय, न्हाईतर लोणावळ्याला साहेबाच्या बंगल्यावर पाणी भराय. नवरा मेल्याली लेक घरी आणली ती राबवून घ्यायला का? आन् रखमाजीला बंदी कसली? तोबी सामील हाय.

मी काय ठरवलंय ते आइका. आमची पत्र्याची शेड मागच्या म्हयन्यात मोडली. आता इटांची शाळा बांधलीय, पाच खिडक्या, बाक, भितीवर टाकीचं चित्र, दारावर रंगानं नाव. शेड मोडताना कासम मास्तर बाजूला उभा व्हता. मला म्हणाला, "इटांच्या खोलीत माणसं इचारत न्हाईत, नुसती माना डोलवत्यात." खोक्यांवर बसून आमी भांडायचो ते मलाबी आठवतंय. कुणाची फीत आपटली, कुणाची टेकली, ह्यावर कोंबड्यावानी झुंजायचो, आन् रातच्याला एका परातीत जेवायचो. त्यातले निम्मे आता कुटं कुटं पांगले. कुणी कराचीला, कुणी बहारीनला. जितं गेले तितं मोजत्यात.

मास्तर आता बुशायरला जातो. त्याच्या खुर्चीवर मला बशीव म्हणून त्यानं साहेबाला सांगितलंय. दसऱ्यापास्नं. पण मी न्हाई म्हणणार. दसऱ्याला घरी येतो. पायली मीच घेतो. अक्काला खडी फोडून खावं लागत असंल तर ही खुर्ची मला टोचंल.

हौशीराम

—

मळवली
ता. २ जून १९३५

हौशा,

हे पत्र आबांना ठाव न्हाई. रखमाजीला मी शपथ घातली आन् टेसनावर, दुपारची गाडी जाऊ दिली तवा लिवून घेतलं. तो मान खाली घालून लिवतोय.

खडी न्हाई, बंगला न्हाई. माझ्या तळव्याला घट्टे पायलीचे पडलेत.

आबांना तीन सुग्या झाल्या दिसत न्हाई. उजेड आन् अंधार कळतो तेवढंच. तुझं ते बोटाचं पत्र आलं त्याच वर्षी दिवाळीत ते राशीपुढं बसले आन् पायली भुईवरच वतली. मी डाळिंबी लुगड्याचा पदर खवचला आन् त्यांच्या म्होरं बसले. मी भरायची, ते मोजायचे. पायली खाली वतली की आवाजावरनं त्यांना समजतं, भरल्याली हाय का उनी. एकदा मी घाईत उनी भरली तर समद्यांदेखत म्हणाले, "पुन्ना भर, पोटात वारा हाय तिच्या."

बाईनं राशीला माप लावू न्हाई म्हणत्यात. पयल्या वर्षी मारुती पाटलाच्या खळ्यावर म्हातारी बोललीच. तवा आबा म्हणाले, "मापारी मी हाय, ही माझा हात हाय." तवापास्नं समदे तसंच धरून चालले. समद्यांना दिसतं आन् कुणी बगत न्हाई. तू धाडल्याला पैसा डब्यात हाय. मी माझ्या मापणावळीवर खाते.

आता अडचण आली. सरकारचा नवा कायदा झाला. वडगावला समदी मापं दावायची, आपली लाकडाची पायली चालायची न्हाई. छापाची लोखंडी घ्यायची आन् मापारी कोण त्याचं नाव लिवायचं. आबा म्हणत्यात, हौशाचं नाव लिवू, तो दसऱ्याला येतोय. बजरंग म्हणतो, आंधळा आन् बाई ह्यांच्यापरीस माझं लिवा.

तू आलास तर मी उठीन. पायली तुझी हाय, मी राखण केली असं म्हणीन. मनात काय ठेवणार न्हाई. पण हौशा, तू खरं सांग. तुला ती पायजे म्हणून येतोस का मला खडीवरनं सोडवायला येतोस? कारण मला ती पायजे. हे मी आजवर कुणाला बोलले न्हाई. तुझे दाजी गेल्यावर मला वाटलं आता दुसऱ्याच्या चुलीपुढं बसून दिस काढायचे. राशीपुढं बसले की तसं वाटत न्हाई.

झुंबर

—

आबादान
ता. २८ जुलै १९३५

रखमाजी, हे पत्र पडवीत वाच. चार माणसं बोलाव. मारुती पाटलाला, त्यांच्या म्हातारीला, आन् बजरंगाला तर हाताला धरून आण. मोठ्यानं वाच, गाळू नको.

आबा,

मी दसऱ्याला येत न्हाई. रागानं न्हाई लिवत. जलमात पयल्यांदा मी एका जागी ऱ्हातोय, तर मला ऱ्हाऊ द्या. कासम मास्तर दसऱ्याआदीच गेला, खुर्चीवर मी बसलो. जाताना त्यानं मला आपली फीत दिली आन् म्हणाला, नव्या माणसांना वरडू नको. मी रोज वरडतो.

तुमच्या डोळ्यांचं मला समजलं. कुणी सांगितलं ते इचारू नका, जे समद्या गावाला ठाव हाय ते समुद्रापार यायला असा कितीसा येळ लागतो.

आमच्या शाळंचा एक कायदा हाय. एकट्या माणसाचं माप धरत न्हाईत. टपावर दोघं चढत्यात, एक फीत सोडतो, दुसरा वाचतो, आन् दोघांचं जुळलं तरच वहीत लिवायचं. साहेब असला तरी त्याला जोडीदार लागतो. तवा पडवीत बसल्यालं कुणी म्हणत असंल की तुमचं, अंबाजी मापाऱ्याचं, घर आता अर्ध्यावर आलं, तर त्याला सांगा की हितल्या कायद्यानं बगितलं तर ते आताच कुटं पुरं झालंय. अक्का भरती, तुमी आइकता.

पाटलाच्या म्हातारे, मी लांबनं इचारतो, राग धरू नका. बाईनं माप लावल्यावर बरकत जाती म्हणता. तीन सुग्या अक्कानं मोजल्या. तुमची कणगी रिकामी पडली का? पडली असंल तर आत्ता सगळ्यांम्होरं सांगा, मी अक्काला उठायला सांगतो. रखमाजी, हितं जरा थांब आन् कोण बोलतंय का बग.

आता माझं. बापामागं लेकाला माप, असा जर माझा काय हक्क असंल, तर तो मी चार माणसांदेखत झुंबरअक्काला दिला. वडगावच्या हापिसात मापारी म्हणून तिचं नाव लिवायचं. माझं लिवायचं न्हाई, बजरंगाचं लिवायचं न्हाई. बजरंगा, तू हितं ये, मी तुला शाळंत घालतो. तुझ्या अंगठ्याचं काय करायचं ते बगू.

आबा, तुमी तिला माझा हात म्हणला. हात न्हाई, मापारीच म्हणा. येवढं एकदा तोंडानं म्हणा, आन् मी बसलो व्हतो तवा जे 'बरं' म्हणला न्हाई ते तिला म्हणा.

पुण्याला डोळ्याचा डाक्टर मोतीबिंदू काढतो म्हणत्यात. अक्का, त्यांना घेऊन जा. नको म्हणले तर रखमाजीच्या गाडीत बांधून ने. डोळे आल्यावर त्यांनी राशीम्होरं बसून तुझ्या पायलीकडं बगत ऱ्हावं, भरायला मागू न्हाई.

सुगीचे दिवस आले की हितं टपावर चढल्यावर मी लोहगडाची बाजू हुडकतो. कुठली बाजू ते मला नक्की सांगता येत न्हाई. ज्या अंगाला सूर्य उगवतो तितं बगतो आन् उतरतो.

परतीच्या आगबोटीचं भाडं आन् मुंबई ते मळवली तिकीट म्हणून मी चार वर्षं एका डब्यात बाजूला टाकत व्हतो. डबा आज उपडा केला. नवी छापाची पायली त्यातनंच घ्या, बाकीचे डोळ्यांना. मनीआर्डर झुंबरअक्काच्या नावावर केलीय, अंगठा तिनं द्यायचा. रुपये एकाहत्तर.

हौशीराम